लेकीची लस, आईची तपासणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या समारंभात पाहुणीने मंडळाच्या कार्याचे चार शब्दांत कौतुक करावे, थोडा उपदेश करावा आणि चहाची वेळ होण्यापूर्वी खाली बसावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. पण चिटणीसबाईंनी मला निमंत्रण देतानाच अट घातली, "विज्ञानात अलीकडे जे नवे घडले आहे त्यातले काहीतरी सांगा, मात्र आम्हां बायकांच्या उपयोगाचे सांगा." या अटीमुळे माझे काम सोपे झाले. चंद्र आणि मंगळ बाजूला राहिले. ज्या विषयावर आपण फार तर जावेच्या किंवा बहिणीच्या कानाशी लागून बोलतो, तोच मी आज ध्वनिक्षेपकापुढे घेणार आहे. तो विषय म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग.

मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवले. तेव्हा कोणाला काय औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. शास्त्रज्ञांनी काय शोधले, कसे शोधले आणि त्याचा आपल्या घराशी संबंध काय, एवढेच सांगेन.

आधी या रोगाची व्याप्ती पाहू. २०२२ साली आपल्या देशात सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि जवळजवळ ८०,००० स्त्रिया त्याने गेल्या, असा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हिशेब केला तर दर सहा-सात मिनिटांना एक. मी अर्धा तास बोलले, तर तेवढ्या वेळात देशात चार-पाच घरांतली बाई गेलेली असेल. यात बऱ्याचशा चाळिशी-पन्नाशीतल्या, म्हणजे घर जिच्या खांद्यावर उभे आहे अशा. आणि याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की, कर्करोगांच्या सगळ्या जातींत बहुधा सर्वांत सहज टाळता येणारा कर्करोग हाच आहे. तो का टाळता येतो, आणि तरी आपण तो का टाळत नाही, हे आज मला सांगायचे आहे.

गर्भाशय म्हणजे उलटी धरलेली लहानशी सुरई समजा. तिचा गळा खाली असतो. त्या गळ्याचे तोंड म्हणजे गर्भाशयमुख. बाळ जन्माला येते ते याच दारातून. रोग सुरू होतो तो या दारावरच्या पातळ कातडीत.

हा रोग कशामुळे होतो, याचा पहिला धागा फार जुना आहे. इटलीत व्हेरोना नावाचे शहर आहे. तेथल्या रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने १८४२ साली शहरातील जुन्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या. त्याला दिसले की गर्भाशयाचा कर्करोग संसारी स्त्रियांत आढळतो. मठात राहणाऱ्या जोगिणींत मात्र तो क्वचितच. दोघींचे शरीर सारखेच, हवापाणीही सारखेच. मग फरक कशाचा? संसाराचा. म्हणजे स्त्री-पुरुषसंबंधांतून काहीतरी या दारापर्यंत पोहोचत असले पाहिजे, एवढा तर्क निघाला. ते 'काहीतरी' कोणते, हे समजायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

मधल्या काळात एक उपयुक्त गोष्ट झाली. ग्रीसहून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर पापानिकोलाऊ यांनी गर्भाशयमुखावरून हलकेच खरवडून घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखण्याची रीत बसवली. तीच 'पॅप' तपासणी. या शोधात त्यांच्या पत्नीचा, मेरीबाईंचा वाटा मोठा होता. पतीला रोजच्या रोज पाहण्यासाठी नमुना हवा होता, तो या बाईंनी वर्षानुवर्षे स्वतःचा दिला. तपासणीला नाव लागले पतीचे. असो, आपल्याला त्यात नवल वाटू नये!

आता दुसरी बाई. हेन्रिएटा लॅक्स. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ही तीस वर्षांची, पाच मुलांची आई असलेली कृष्णवर्णी स्त्री याच रोगाने आली आणि त्याच वर्षी वारली. तिच्या गाठीचा एक तुकडा डॉक्टरांनी तिला न विचारता काढून प्रयोगशाळेत ठेवला होता. माणसाच्या पेशी तोवर काचेच्या भांड्यात फार दिवस जगत नसत. हिच्या मात्र वाढतच राहिल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. पोलिओची लस पारखताना त्याच वापरल्या गेल्या. घरच्यांना मात्र कित्येक वर्षे याचा पत्ता नव्हता.

याच पेशी पुढे आपल्या विषयाच्याही कामी आल्या. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांना संशय होता की, या कर्करोगाचे मूळ 'पॅपिलोमा' नावाच्या विषाणूत असावे. हातापायांवर चामखिळी येतात ना, त्या याच कुळातल्या विषाणूंमुळे. तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांचा रोख दुसऱ्याच एका विषाणूवर होता. पण यांनी आपला हेका सोडला नाही. १९८३ साली त्यांना रुग्णांच्या गाठींत या कुळातला १६ क्रमांकाचा विषाणू सापडला आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. हेन्रिएटाच्या पेशींत पाहिले, तर तेथेही १८ क्रमांकाचा विषाणू दडून बसलेला! जगातले या रोगाचे सुमारे सत्तर टक्के रुग्ण या दोघा भावांचेच बळी. २००८ साली त्सुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण ती न बोलल्याने फार नुकसान होते. हा विषाणू अतिशय सामान्य आहे. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी शिवून जातो. पुरुषाच्या अंगी तो बहुधा कोणतीही खूण न दाखवता राहतो. तेव्हा ज्या बाईने जन्मभर एकाच पुरुषाशी संसार केला, तिलाही हा रोग होऊ शकतो. 'तिला तो रोग कसा झाला' अशी कुजबूज करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. सर्दी झालेल्या माणसाचे चारित्र्य आपण तपासत नाही. येथेही त्याचे कारण नाही.

विषाणू शिवला म्हणजे रोग झाला, असेही नव्हे. दहांतल्या नऊ जणींचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत हुसकावून लावते. उरलेल्या थोड्या जणींत तो चिकटून बसतो. तेथल्या कातडीच्या पेशी हळूहळू बिघडतात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. भगिनींनो, आजच्या भाषणातले हे सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य समजा. हा चोर घरात शिरल्यावर वीस वर्षे ओसरीवर बसून राहतो. म्हणजे त्याला अडवण्याच्या संधी दोन. शिरण्यापूर्वी दार लावणे, ही पहिली. ओसरीवर बसलेला असताना हाकलणे, ही दुसरी. पहिली संधी लेकीसाठी आहे, दुसरी आईसाठी.

पहिली संधी म्हणजे लस. १९९१ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे इयन फ्रेझर आणि चीनमधून आलेले जिआन झोऊ यांनी एक युक्ती साधली. त्या विषाणूचे नुसते वरचे कवच प्रयोगशाळेत तयार केले. आपण करंजी करतो, तिची कल्पना करा. बाहेरून पारी, आत सारण. विषाणूचा उपद्रव सगळा सारणात असतो. या शास्त्रज्ञांनी सारणाविना करंजी केली. बाहेरून पाहणाऱ्याला ती खरीच वाटते. आपले शरीर तिला पाहून सावध होते आणि तिच्याशी लढायची शस्त्रे तयार करून ठेवते. पण आत काहीच नसल्याने तिच्यापासून रोग होणे शक्य नाही. अशा पोकळ कवचांची लस २००६ सालापासून वापरात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. ती कवचे यीस्टमध्ये, म्हणजे आपला पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या भाऊबंदांत वाढवतात.

लस आली खरी, पण तिने कर्करोग थांबतो का, हे कळायला त्या मुली मोठ्या व्हायला हव्या होत्या. आता त्या मोठ्या झाल्या आहेत, म्हणूनच हा विषय आज ताजा आहे. स्वीडनमध्ये सोळा लाखांहून अधिक मुली व तरुण स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२० साली निष्कर्ष छापला गेला. सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. स्कॉटलंडने २००८ साली शाळांतून लस द्यायला आरंभ केला होता. तेथील २०२४ सालचा अहवाल असा की, बाराव्या-तेराव्या वर्षी लस टोचलेल्या मुलींत या कर्करोगाची एकही रुग्ण सापडली नाही. एकही नाही!

लस लहान वयातच का, असे आया विचारतात. "आमची मुलगी अजून फ्रॉक घालते, तिला हे कशाला?" याचे उत्तर सोपे आहे. शिरलेल्या चोराला ही लस बाहेर काढू शकत नाही, ती फक्त दार लावते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते चौदा वर्षे हे वय सांगितले आहे. आपण गोवराची लस बाळाला देतो, ती त्याला गोवर झाला म्हणून नव्हे. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या भगिनींच्या दंडावर देवीचे वण असतील. त्यांच्या आयांनीही तेव्हा देवी काढून घेण्यापूर्वी पुष्कळ शंका काढल्या असतील. आज देवीचा रोग जगात उरलेला नाही, आणि नातींच्या दंडावर तो वणही नाही.

लशीविषयी भीती बाळगणाऱ्यांशी मी भांडणार नाही, कारण त्या भीतीला एक इतिहास आहे. २००९-१० साली आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये एका प्रकल्पात मुलींना ही लस देण्यात आली. त्यांपैकी सात मुली पुढे दगावल्या. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पाण्यात बुडणे, सर्पदंश अशी कारणे निघाली. परंतु पालकांची रीतसर संमती घेण्यात मोठी हयगय झाली होती, आणि संसदेच्या समितीने २०१३ साली त्याबद्दल कडक ताशेरे ओढले. ते योग्यच झाले. गरिबाच्या मुलीलाही, "तुला काय टोचतो आहोत", हे सांगितलेच पाहिजे.

या प्रकरणातून विज्ञानाला एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. त्याच सुमारास पुणे, बार्शी, मुंबई आणि देशातील इतर काही केंद्रांवर दुसरा एक अभ्यास चालू होता. लशीच्या तीन मात्रा द्याव्यात की दोन पुरतात, हे त्यात पाहायचे होते. २०१० साली सरकारने या लशीचे सगळेच अभ्यास थांबवले. त्यामुळे जवळजवळ पाच हजार मुलींची एकच मात्रा होऊन राहिली. शास्त्रज्ञांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडले नाही, त्यांची वर्षानुवर्षे विचारपूस ठेवली. २०२१ साली निष्कर्ष आला. १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंचा चिकट संसर्ग रोखण्यात एक मात्रा घेतलेल्या मुली तीन मात्रा घेतलेल्या मुलींच्या बरोबरीच्या ठरल्या. दोन्हींकडे संरक्षण नव्वद टक्क्यांहून अधिक! पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असे मान्य केले, त्यात या मुलींचा पुरावाही होता. तीन वेळा टोचायचे ते एका वेळेवर आले, की गरीब देशांचा खर्च किती वाचतो, हे घर चालवणाऱ्या बायकांना मी काय सांगावे?

आता दुसरी संधी, आईची. आपल्यातल्या बहुतेकींचे लशीचे वय सरले आहे. आपल्याला उरते ती तपासणी. या बाबतीत जगाला धडा मिळाला तो आपल्याच मराठी मुलखातून, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. अर्ध्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. तपासणी कशाची, तर व्हिनेगरची! हो, लोणच्यात किंवा चिनी पदार्थांत घालतो त्याच जातीचा आंबट द्रव. कापसाच्या बोळ्याने तो पातळ द्रव गर्भाशयमुखाला लावला, की बिघडलेल्या पेशींची जागा मिनिटभरात पांढरी दिसू लागते. सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको. आणि तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. २०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. देशभर हे केले तर वर्षाला सुमारे बावीस हजार स्त्रिया वाचतील, असा त्या डॉक्टरांचा हिशेब होता.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांतला. १९९९ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साथीने तो सुरू केला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या एक लाख एकतीस हजार स्त्रिया, चार गट. एकात व्हिनेगर, एकात पॅप, एकात विषाणूचीच तपासणी, आणि चौथ्या गटात नेहमीची व्यवस्था, म्हणजे खास तपासणी काहीच नाही. प्रत्येक तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी पाहिले. तपासणी न झालेल्या गटात ६४ स्त्रिया या रोगाने गेल्या होत्या, विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४. एका वेळच्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हिनेगर आणि पॅप यांचा मात्र एकाच वेळच्या तपासणीत तेवढा उपयोग दिसला नाही. त्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, जशा मुंबईत केल्या.

त्या चौथ्या गटाविषयी पुढे टीका झाली. उपाय हाताशी असताना त्यांना तपासणीविना का ठेवले, असे विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. मला तो वाचताना त्या चौसष्ट जणींचीच आठवण होत होती. शेतावर राबणाऱ्या, नाव-गाव आपल्याला माहीत नसलेल्या बायका. त्यांच्या जाण्याने जगाला जे कळले ते जगाच्या पुस्तकांत गेले, आणि जागतिक आरोग्य संघटना आता विषाणूची तपासणी पहिल्या पसंतीची मानते. तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी ती करावी, असे सांगते. आणि आपण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांत ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोन जणीसुद्धा निघाल्या नाहीत. धाराशिवच्या खेड्यांनी जगाला शिकवले, आणि आपण शेजारी राहून शिकलो नाही!

का शिकलो नाही? पैसा हे एक कारण आहे, पण एकमेव नव्हे. सरकारी धोरणात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची व्हिनेगरची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असे आहे. खरी कारणे आपल्या तोंडी रोज असतात. "मला काही होत नाही." "या वयात कोणापुढे पाय उघडायचे?" "मुलांची परीक्षा होऊ दे." "काही निघाले तर?"

मला काही होत नाही, हेच तर या रोगाचे कपट आहे. ओसरीवरचा चोर खोकत नाही. दोन पाळ्यांमध्ये अंगावरून जाऊ लागले, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला, संबंधानंतर रक्त आले, पांढऱ्याला दुर्गंधी आली, तर ती धोक्याची खूण समजून त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे जावे; पण तपासणी मात्र यांपैकी काहीही नसतानाच करायची असते. लाज वाटत असेल, तर विषाणूच्या तपासणीसाठी नमुना स्त्रीला स्वतःच्या हाताने घेता येतो. ही पद्धतही जागतिक संघटनेने मान्य केली आहे. आपल्या भागात ती सोय आहे का, हे विचारावे. आणि काही निघाले, तर बहुतेक वेळा ते कर्करोग नसून त्याच्या आधीची पायरी निघते. बिघडलेला भाग थंडीने गोठवून किंवा उष्णतेने जाळून काही मिनिटांत काढता येतो. बाई त्याच दिवशी घरी परतते. लस घेतलेल्या मुलींनीही मोठेपणी तपासणी करावीच; कारण लस या कुळातल्या सगळ्या विषाणूंना अडवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सर्व देशांपुढे तीन आकडे ठेवले. २०३० पर्यंत नव्वद टक्के मुलींना लस, सत्तर टक्के स्त्रियांची पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत तपासणी, आणि आजार निघालेल्यांपैकी नव्वद टक्के जणींना उपचार. हे होऊ शकते. आपल्याच देशातील सिक्कीमने २०१८ साली शाळाशाळांतून मोहीम करून नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींना लस दिली.

आता मंडळाला एक विनंती. मोठा ठराव नको, वर्गणी नको. दोन-दोन जणींच्या जोड्या करा. भिशीला जाताना जशी शेजारणीला हाक मारता, तशी हाक मारून जोडीने आरोग्य केंद्रात जा. एकटीला लाज वाटते, जोडीला गप्पा होतात. आशाताईंना मंडळात बोलावून लस कोठे, कोणत्या वयाला, कशी मिळते ते विचारा. ज्यांच्या घरी नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, त्यांनी तिच्या डॉक्टरांशी बोला. आणि मुलीलाही तिच्या वयाला साजेल असे सांगा, लपवू नका. धुणेभांडी करायला जी बाई तुमच्याकडे येते, तिला विसरू नका. या रोगाने जास्त जाते ती तीच, कारण तिला हे भाषण ऐकायला सुट्टी नसते.

आपण दर संक्रांतीला एकमेकींना वाण देतो. या वर्षी लुटण्याजोगे वाण मी सुचवले आहे. ते दिल्याने कमी होत नाही.